कोवाल्स्कीच्या बागेतली वाट

नोव्हाय, मिशिगन
रविवार

प्रिय अदिती,

मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर तू जर्सी सिटीच्या ट्रेनमध्ये उभ्या उभ्या नजर फिरवून संपवलं असतंस. मराठी तुला ओठ हलवत वाचावं लागतं. रविवारच्या मराठी शाळेत तू तशीच वाचायचीस. जोडाक्षर आलं की अडायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी नाशिकहून नुकताच आलेलो, इंग्रजीच्या नावाने बोंब, आणि त्या बेसमेंटमधल्या वर्गाबाहेर तुला माझी कधी गरज पडली नाही. तेव्हा सावकाश वाच. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

आपली वाट बंद झाली. तुला घरून कळलंच असेल, पण कसं सांगितलं असेल तेही मला माहीत आहे: इन्शुरन्सचा प्रश्न आहे, कुणी घसरून पडलं तर जबाबदारी आमच्यावर येते. कोवाल्स्कीच्या सफरचंदाच्या बागेतून तळ्याला वळसा घालून लायब्ररीकडे निघणारी ती पायवाट, तिच्या तोंडाशी आता माझ्या डोक्याहून उंच कुंपण आहे. त्याआधी तुझ्या बाबांनी नुसता 'प्रवेश बंद'चा बोर्ड लावला होता. तो मी उपटून तळ्यात फेकला. पोलिसाची गाडी आमच्या ड्राइव्हवेत आली, तेव्हा शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून आईने पोलिसालाच आत बोलावून चहा घेणार का विचारलं. संध्याकाळी तुझ्या बाबांनी तक्रार मागे घेतली. म्हणाले, आपलाच मुलगा आहे, कॉलेज सोडल्यापासून जरा बिथरलाय. अदिती, त्यांनी केस केली असती तर मी मुकाट भोगलं असतं. ही दया मला अजून पचलेली नाही.

आणि गंमत बघ, ती वाट आम्हाला दाखवली कुणी? तुझ्याच बाबांनी. शनिवारचं 'पायपीट मंडळ' हे नावही त्यांचंच. पंडित काका स्कीची जुनी काठी आपटत सगळ्यांच्या पुढे, मध्ये बायकांचा घोळका, आणि तुझे बाबा, आमचे अतुल काका, मागे राहून कोण दमलं, कोण मागे पडलं ते बघणार. वादळात झाड आडवं पडलं की करवत त्यांच्याच गॅरेजमधून यायची. ओढ्यावरच्या फळ्या त्यांनी आणि माझ्या बाबांनी एका उन्हाळ्यात ठोकल्या. त्यांना कुणी विचारायचं, एवढा खटाटोप कशाला, पार्क आहे ना? तर म्हणायचे, पार्कात गाडी घेऊन जावं लागतं, जी वाट घराच्या दारातून सुरू होते तीच खरी. म्हातारा कोवाल्स्की गेला, त्याच्या फ्लोरिडातल्या मुलांनी बाग विकली, ती त्यांनी घेतली, तेव्हा आम्ही पेढे खाल्ले. वाटलं, आता वाट घरातच आली.

सगळ्यात जास्त नडलं ते जाईबाईंना. दीक्षाताईची आई, नागपूरला शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आठवतात ना? त्या गाडी चालवत नाहीत. मेन रोडला फुटपाथ नाही. लायब्ररी, किराणा, बुद्धजयंतीला जमतो तो हॉल, सगळं त्या त्याच वाटेने पायी करायच्या, कुणाला 'मला सोडतोस का रे' म्हणावं लागत नव्हतं. कुंपण घातल्यावर त्या हट्टाने रस्त्याच्या कडेने जायला लागल्या. मध्ये एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्या कडेच्या चारीत बसल्या त्या बसल्याच. आता दीक्षाताई त्यांना एकटं सोडत नाही. परवा मी गेलो तर खिडकीत होत्या. म्हणाल्या, आमच्या गावात आम्हाला कुठल्या रस्त्याने जायचं नाही ते ठरलेलं होतं, इथे येऊन पुन्हा तेच बघेन असं वाटलं नव्हतं. तुझ्या बाबांचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही नाही.

मग आम्ही वकीलबाई गाठल्या. त्या अशाच वाटांच्या केसेस लढतात, स्वतः रोज चालतात, बूट चिखलाचेच असतात. त्यांनी समजावलं की लोक सलग पंधरा वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता एखाद्या वाटेने चालत असतील तर त्यांना चालण्याचा हक्क मिळू शकतो. जमीन मालकाची, वाट चालणाऱ्यांची. पंडित काका तर नाचायचेच बाकी होते. सगळ्यांनी फोनमधले जुने फोटो काढले. बर्फातले, पानगळीतले, तू आणि मी मागे रेंगाळलेले. वकीलबाई खूश झाल्या. जाता जाता म्हणाल्या, परवानगी तर कुणी कधी मागितली नव्हती ना? परवानगीने चाललात तर ती मालकाची मेहेरबानी, शंभर वर्षं चाललात तरी मेहेरबानीच. खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

संक्रांत, अदिती.

दर संक्रांतीनंतरच्या शनिवारी आपण कोवाल्स्कीकडे तिळगूळ घेऊन जायचो. ही कल्पनाही तुझ्या बाबांचीच. आपण परक्या देशात पाहुणे, रीतसर विचारलेलं बरं. एवढे देशी एकदम दारात दिसले तर म्हातारा घाबरेल म्हणून बाकीचे सगळे रस्त्यावर बर्फात पाय आपटत उभे राहायचे आणि पायऱ्या चढायचो आपण तिघंच. तुझे बाबा, तू, कारण तुझं इंग्रजी इथलं, आणि मी, कारण डबा आमच्या घरचा. म्हाताऱ्याला लाडू आवडायचे की नाही देव जाणे, पण तो दरवर्षी एक तोंडात टाकायचा आणि 'चाला, पण गेट उघडं टाकू नका' म्हणायचा. त्याच वाटेने कितीतरी गोरे जॉगर जायचे, कुत्री घेऊन बायका जायच्या. त्यांच्यातल्या कुणी कधी त्याच्या दाराची पायरी चढलं नाही. कायदा म्हणतो, त्यांचा हक्क शाबूत. पण त्यांना कोर्टकचेरी नको, ते आता गाड्या काढून पार्कात जातात. आणि आम्ही नीट वागलो, लाडू घेऊन गेलो, म्हणून आमचा हक्क गेला. असली चूक आपलीच माणसं करू जाणे.

जाईबाई त्या पायऱ्यांपाशी कधी आल्या नाहीत. त्या रस्त्यावरसुद्धा उभ्या राहायच्या नाहीत, सरळ चालत पुढे जायच्या. तेव्हा आम्हाला वाटायचं, तुटक आहेत. आता परवाच्या मीटिंगमध्ये म्हणाल्या, "वाट विचारायची नसते रे. विचारलंत की समोरच्याला नाही म्हणायचा हक्क दिलात."

आम्ही केस टाकली आणि तुझ्या बाबांनी शपथेवर सांगितलंय की मंडळ दरवर्षी परवानगी मागत होतं, मी स्वतः मुलीला घेऊन जात होतो, विचारायची तीच. खरं आहे ते. शब्दन् शब्द खरा आहे. हाच माणूस करवत घेऊन आमच्याबरोबर चालायचा आणि आता आमचं सौजन्य आमच्याच गळ्याला लावतोय. बरं, कशासाठी? इन्शुरन्स म्हणे. अगं, कुंपणापलीकडे काय चाललंय ते दिसत नाही का आम्हाला? ओढ्यापर्यंतची जमीन सपाट केलीये, फरशा आल्यात. फळ्या उखडून एका कडेला रचल्यात, आपण दोघं पाय सोडून बसायचो त्या. तुझ्या मैत्रिणीने, रुहीने सांगितलं, जूनमध्ये तिथे तुझ्या लग्नाचा मांडव उभा राहणार आहे. नकुल चांगला मुलगा आहे म्हणे. असेल. पदवीधर असेल. तू मला शेवटचं काय म्हणालीस? आधी डिग्री पूर्ण कर, मग बोलू. मी तुझ्या दारात असा उमेदवारासारखा उभा राहणार नव्हतो, म्हणून दुसऱ्या वर्षात होतो तिथेच सगळं सोडून परत आलो. टायरच्या दुकानात काम करतो. हात काळे असतात. पश्चात्ताप नाही. म्हणजे शनिवारी सकाळी थोडा होतो, सवयीने जाग येते आणि जायला वाट नसते तेव्हा.

कुंपण घातल्यावर तुला मी फोन केला होता. तू म्हणालीस, प्लीज कुश, मला मध्ये ओढू नकोस, मला कुठलीच बाजू घ्यायची नाहीये. तुझं नाव तुझ्या बाबांनीही साक्षीत घातलेलं नाही, लग्नाच्या धावपळीत मुलीला त्रास नको म्हणून. म्हातारा मेला. रस्त्यावर उभे असलेल्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं. उरलो मी. येत्या गुरुवारी त्यांचा वकील मला शपथ देऊन विचारणार आहे, त्या दारात अदिती काय म्हणाली? आमच्या वकीलबाई म्हणाल्या, आठवत असेल ते खरं सांग, आठवत नसेल तर नाही म्हण. त्यांना बिचाऱ्यांना दुसरं काही म्हणता येत नाही. पंडित काकांना येतं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, "लहान होतास रे तू. कुणाला आठवतं एवढं?"

तर गुरुवारी मी उजवा हात वर करून सांगणार आहे, आठवत नाही. जाईबाईंना त्यांची वाट परत मिळेल, निदान तुझ्या बाबांच्या शब्दाला दुसऱ्या कुणाचा दुजोरा मिळणार नाही. खोटं बोलायची मला भीती नाही. पण त्या एका सकाळीबद्दल 'आठवत नाही' म्हणायचं माझ्या जिवावर आलंय, म्हणून हे पत्र. जगात एका तरी माणसाला ठाऊक असू दे की मला आठवतं. जांभळं जाकीट, एक हातमोजा हरवलेला, तो हात तू माझ्या डब्याखाली ऊब घ्यायला धरलेला. तू घडाघडा इंग्रजीत म्हणालीस, यंदाही तुमच्या बागेतून चालू का आम्ही? आणि मग 'तिळगूळ घ्या'पाशी अडलीस, माझ्याकडे बघितलंस, मी हळूच 'गोड बोला' म्हटलं. माझं सगळं तिथेच संपलं, अदिती. कॉलेज-बिलेज नंतरचं. आता हे कागद तुझ्या हातात आहेत. बाबांना दिलेस तर मी खोटा साक्षीदार ठरेन, वाट जाईल, तुझा मांडव निवांत उभा राहील. फाडलेस तर जाईबाई पुन्हा पायी लायब्ररीत जातील, कदाचित तुझ्या मांडवाच्या मधून. आता तुला बाजू घ्यावीच लागेल. मध्ये ओढू नकोस म्हणाली होतीस ना? ओढलंय. आणि या वेळी मी आधी विचारलेलं नाही.

तुझाच (हा शब्द खोडणार होतो, राहू दे),
कुश