एकोणिसाव्या पानावरची चौकट

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
मैंदर्गी, ८ जुलै २०२५

चि. सोमशेखर यास हेमाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपलं कॉमिक्सचं पुस्तक काल पोस्टानं मिळालं. तुझा फोन मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू गोड बोलून गुंडाळतोस.

अप्पा गेल्यावर तूच म्हणालास, अक्का, त्यांच्या आठवणी लिहून दे, मी चित्रं काढतो. शाळा सांभाळून मी लिहिलं. एकोणिसाव्या पानावर माझं वाक्य आहे, अप्पांनी अव्वावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. त्याच्याखाली तू काय काढलंस? चुलीपुढं बसून सुजलेला डोळा पदरानं झाकणारी अव्वा, आपली आई. माझंच वाक्य ठेवून मला खोटं पाडलंस की. शाळेतल्या बायकांनी ते पान बघितलं आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. छापण्याआधी चित्रं का दाखवली नाहीस?

लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबलाय.
हेमाअक्का

जुळे सोलापूर, १४ जुलै

ती. हेमाअक्कास शि. सा. न.

तुझ्या मजकुराची वेलांटीही मी बदलली नाही. चित्रं दाखवली असती तर तू नको म्हणाली असतीस. ही माझी चोरी, कबूल.

पण नुसतं चित्र असतं तर लोक म्हणाले असते, कुठल्या घरात होत नाही? नुसतं तुझं वाक्य असतं तर अप्पा देवमाणूस ठरले असते. दोन्ही एका चौकटीत आल्यावर आपलं घर दिसलं. आत काय व्हायचं आणि बाहेर आपण काय सांगायचो. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, तू चौदाची. तुला विसरता कसं आलं?

अव्वाला मात्र पुस्तक दाखवू नकोस. रागव, पण परकं करू नकोस.
सोमशेखर

मैंदर्गी, २२ जुलै

चि. सोमशेखर यास आशीर्वाद.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच अव्वानं पुस्तक बघितलं. तिला वाचता येतं ते कन्नडच, त्यामुळं नुसती चित्रं बघत गेली. त्या पानावर थांबली आणि वर काय लिहिलंय म्हणून विचारलं. माझंच वाक्य मला तिला कन्नडमध्ये सांगावं लागलं.

ती म्हणाली, पोरानं चांगलं काढलंय, पण हेमा कुठाय यात? शेजारच्या मायाक्काला ऐकू जाऊ नये म्हणून दाराला आतून कडी घालून, पाठ लावून उभी होती की. मार खाताना मी, हेमा, दार उघड म्हणून ओरडत होते, तरी हलली नाही.

एवढं बोलून ती पुढ्यातलं जेवणाचं ताट तसंच सोडून उठली. चार दिवस तुझ्याकडं जायचं एवढंच म्हणते. येऊन घेऊन जा.

सोमशेखर, मी काहीच विसरले नव्हते. तूही नाहीस. मला चित्रातून वगळून तू माझ्यावर दया केलीस, आणि तीच मला सोसवत नाही. पुस्तक पुन्हा छापशील तेव्हा मला दारापाशी उभी कर. वरचं वाक्य काढून टाक. तिथं दुसरं काही लिहू नकोस.

लोभ असावा म्हणायला तोंड उरलेलं नाही.
हेमावती