शिळ्या पेपरावरचं गाऱ्हाणं

प्रिय वन्सं,

प्रिय लिहितात म्हणून लिहिलं. जिवंतपणी असं काही म्हटलं असतं, तर तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतात.

पत्राचं कारण असं, की आज सकाळी दारापुढच्या खळ्यात माझी अशी फजिती झाली, की हसता हसता पलीकडच्या हलिमाबीची कवळी आंब्याच्या पेंढ्यात पडली. आणि ही गोष्ट ज्या माणसाला आधी सांगायची, ते माणूस नेमकं गेल्या दिवाळीनंतर उठून गेलं! मग करू काय? नातीकडून पेन मागितलं. शाई जांभळी आहे, चालवून घ्या. माझी शाळा दुसरीपर्यंतची, तीही अर्धी पावसात बुडालेली. अक्षराला नावं ठेवू नका. तुमची सातवी झाली होती, शिकवायचं होतंत मला!

तुमचं घरात येणं आणि माझं येणं साधारण एकाच वेळचं. तुम्ही कपाळ पुसून माहेरी परत आलात, मी कुंकू लावून सासरी आले. वाडीतली माणसं म्हणायची, नणंद-भावजय एका छपराखाली, बघा, वर्षात चुली वेगळ्या होणार. चुली कुठल्या वेगळ्या होतात! आपल्याला भांडायला पेपर मिळाला.

सकाळची कामं आटपली की तुम्ही खळ्यातल्या पाटावर, मी समोर विळीवर. तुम्ही वाचायच्यात, मी मासे नाहीतर फणस कापत ऐकायची. वाचायच्यात तरी कशा? आधी मनातल्या मनात वाचून एकट्याच हसायच्यात, डोळे पुसायच्यात, आणि मग आम्हाला सांगायच्यात. बातमी उष्टी करून द्यायच्यात, वन्सं. किती वेळा बोलले मी, की एकत्र हसू या की! "तू आधी मासे बघ, मांजर नेतंय," हे उत्तर.

आणि तो चहाचा कप! समोर स्टूल असायचं, पण तुम्ही कप ठेवायच्यात तो पेपरावर. त्यातही ज्याचा राग आलाय त्याच्या फोटोवर बरोब्बर. फीत कापणारा असो नाहीतर हार घालून घेणारा, त्याच्या तोंडावर तुमच्या कपाचं गोल. एकदा तुमच्या भावाने विचारलंन, "अगो, ह्यानं तुझं काय घोडं मारलंन?" तर तुम्ही म्हणालात, "हसतोय बघ कसा. रस्त्यात खड्डा पडलाय आणि हा दात दाखवतोय."

पण तुम्हाला राग सोसायचा नाही हेही खरं. धान्य गोदामात कुजलं असं वाचलंत त्या दिवशी जेवला नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, आजींचं ब्लडप्रेशर वाढतंय, पेपर बंद करा. मी म्हटलं, डॉक्टर, पेपर बंद केला तर ह्या माझ्यावर तापणार, माझ्या ब्लडप्रेशरचं कोण बघणार?

त्यावरून मला गाऱ्हाणं सुचलं. देवळात गुरव हात जोडून देवापुढे सगळ्यांची तक्रार मांडतो, आणि मागं उभी असलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात, की झालं, ओझं देवाच्या खांद्यावर. बायकांना तिथं कोण गाऱ्हाणं घालू देतो? म्हणून मी आपल्या खळ्यात, तुळशीपुढे, हातात मासा तसाच धरून सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ज्यानं धान्य कुजवलंन, त्याच्या ताटातल्या भातात रोज एक खडा येऊ दे म्हाराजा!" शेजारची कुंदा पटकन म्हणाली, "व्हय म्हाराजा!" तुम्ही आधी दटावलंत, देवाची थट्टा करू नये म्हणून. मग हळूच म्हणालात, "दोन खडे सांग." आणि त्या दुपारी जेवलात!

तेव्हापासून नेमच झाला. तुम्ही बातमी वाचायची, मी गाऱ्हाणं घालायचं, बायकांनी होकार भरायचा. पलीकडची हलिमाबी दगडी गडग्यावरून वाकून म्हणायची, "आमीन!" कुंदाने विचारलंन, "अगो, दोन्ही चालतं काय?" तर हलिमाबी म्हणाली, "काम होण्याशी मतलब. दोन दारं ठोठावली तर एखादं उघडेल."

तुम्ही गेलात आणि बैठक मोडली. कोण वाचणार? दिवसकार्य होईपर्यंत बायका यायच्या, मग एकेकीचं येणं बंद झालं. कुंदा आता फोनवर बातम्या बघते. त्यातला माणूस एवढा ओरडतो, की आपण काय बोलणार? त्याचंच गाऱ्हाणं संपत नाही! मी सकाळी पाटासमोर बसायची. पाटावर मांजर बसायचं. त्याला बातमी समजत नाही आणि मासा मात्र समजतो.

परवा सून म्हणाली, "आई, पेपर कोणी उघडतही नाही. पुढच्या महिन्यापासून बंद करू या?" रसिकाचं काही चुकलं नाही, घडी न मोडलेला पेपर रोज रद्दीत जात होता. पण पेपर गेला म्हणजे ती सकाळ कायमची गेली. मग मीच म्हटलं, "महिना संपू दे. मी वाचते." रसिका माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, बघतेस काय, मला अक्षरं ठाऊक आहेत, ओळख जरा पातळ आहे एवढंच.

आज मुहूर्त केला. सध्या आंबा भरायचा मोसम, पेटीत खाली पेंढा, मध्ये कागद, रद्दीचा हा एवढा ढीग खळ्यात आणून ठेवलेला. कुंदाला आणि हलिमाबीला हाक मारली, म्हटलं, या जरा डाग्या आंबा वेगळा करायला, चहा देते. पेपर वाचणार आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आल्या असत्या काय?

आंबा निवडायला लागल्या, तसा मी पेपर उचलला. चष्मा तुमचाच लावते. डाव्या डोळ्याला बरा आहे, उजव्याला नाही, म्हणून उजवा मिटून घेते. कुंदा म्हणाली, "काकू, डोळा कोणाला मारताव?" मी म्हटलं, "संपादकाला. गप बस."

आणि वाचायला लागले. एकेक अक्षर धरून, भातातला खडा काढावा तसं. पहिलीच बातमी अशी, की एका गावात पाण्याची टाकी बांधली, रंग दिला, वर नाव लिहिलं, नारळ फोडला. आणि मग लक्षात आलं की टाकीत पाणी येणार कुठून हे ठरवायचं राहिलं! म्हणून उद्घाटनाला टँकरने पाणी आणून टाकीत ओतलं, पाहुण्यांनी नळ सोडला, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी टाकी कोरडी.

"काय सांगताव!" कुंदाने हातातला आंबा खाली ठेवलान.

हलिमाबी म्हणाली, "टँकर सरळ गावात फिरवला असता तर प्रत्येकीला दोन हंडे तरी मिळाले असते."

वन्सं, तुम्हाला सांगते, माझ्या अंगात आलं. उठले, तुळशीपुढे उभी राहिले. "बा देवा म्हाराजा! ज्यानं टाकी बांधलीन आणि पाण्याला विसरला, त्याला सुबुद्धी दे म्हाराजा! आणि सुबुद्धी तुझ्याकडं शिल्लक नसली, तर अंगाला साबण लावून झाला की त्याच्या नळाचं पाणी जाऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कुंदा एवढ्या जोरात ओरडली, की मांजर पाटावरून पळालं.

"आमीन," हलिमाबी म्हणाली. "आणि साबण डोळ्यांत जाऊ दे."

पुढची बातमी बिबट्याची. बिबट्या विहिरीत पडला, लोक बघायला जमले, एक जण फोटो काढायला वाकला आणि तोही आत! आता माणूस एका कोपऱ्यात, बिबट्या दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोघं एकमेकांना घाबरलेले. दोघांनाही सुखरूप काढलं म्हणे. मी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या फोटोवाल्यांपासून आमच्या रानातल्या जनावरांचं रक्षण कर!" हलिमाबी हसून हसून गडग्याला टेकली.

मग हायवे. गणपतीआधी रस्ता पूर्ण होणार. कुंदा म्हणाली, "कुठल्या गणपतीआधी, ते नाय लिवलंनी?"

मग पाऊस. येत्या दोन दिवसांत मुसळधार, किनाऱ्यावरच्यांनी काळजी घ्यावी. आम्ही तिघींनी वर बघितलं. वैशाखातलं ऊन, ढगाची चिंधी नाही, आंबा जागच्या जागी तापतोय. तरी एकीला शंका आली असेल तर शपथ! कुंदा म्हणाली, "पेपरातला पाऊस आणि माझ्या दिराचा शब्द, दोन्ही सारखे." हलिमाबी म्हणाली, "असू दे. ताडपत्री काढून ठेव तू."

मी खरंच ताडपत्रीसाठी हाक मारली! "रसिका, माळ्यावरची ताडपत्री काढ गो, पाऊस येणार आहे."

रसिका बाहेर आली. तिच्या हातात पेपर. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. "आई," ती म्हणाली, "आजचा पेपर माझ्याकडे आहे. तुम्ही कुठला वाचताय?"

रद्दीच्या ढिगातला उचलला होता, वन्सं! पेटीत घालायचा! रसिकाने तारीख वाचलीन. चार पावसाळ्यांपूर्वीचा निघाला.

आणि मग मला दिसलं. खाली, नारळ फोडणाऱ्याच्या तोंडावर, चहाचं गोल. मघाशी वाचताना वाटलं होतं छापतानाच डाग पडला असेल. तो डाग तुमचा होता. म्हणजे ही टाकी आपण आधीच वाचली होती. तुम्ही वाचलीत, मी गाऱ्हाणं घातलं होतं, ह्याच तुळशीपुढे!

कुंदाला एकदम आठवलं. "काकू, तेव्हापण तुम्ही साबणच सांगितलात!"

"आणि मी आमीन म्हटलं होतं," हलिमाबी म्हणाली. "काय झालं मग त्या टाकीचं?"

कुंदाची मोठी बहीण तिथंच दिलेली. ती सांगते, टाकी आहे तशीच आहे. वरचं नाव तेवढं बदललंय, नवा माणूस निवडून आलाय. कावळे बसतात.

तेव्हा ती कवळी पडली. हलिमाबी तोंडावर पदर धरून पेंढ्यात चाचपतेय, कुंदा आंब्यांवर आडवी, रसिका दारात बसकण मारून हसतेय. मी सुनेला इतकं हसताना लग्नानंतर बघितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. देवाने चार वर्षांत एक नळ बंद केला नाही! पण राग आला नाही. मलाही हसू आलं, तुमच्यासारखं, डोळे पुसायला लावणारं.

हसणं थांबल्यावर रसिका म्हणाली, "मग पेपर बंदच करू की आई! रद्दी पुरेल तुम्हाला जन्मभर. बातम्या त्याच!"

मी काय म्हटलं असेल, सांगा? मी म्हटलं, "नाही. आजचाही लागेल. देवाने ऐकलंन की नाही, हे आम्हाला कळणार कसं?"

"बरोबर," हलिमाबी म्हणाली. कवळी धुऊन बसवलेली होती. "आधी जुना वाचायचा, मग आजचा. रसिका, आजचा तू वाच. तुझ्या सासूचा एक डोळा मिटलेला असतो, जेवायची वेळ होईल."

आणि रसिका पाटावर बसली, वन्सं. तुमच्या. म्हटलं, मांजरापेक्षा बरी. वाचते झरझर, आगगाडीसारखी, मध्ये श्वास घेत नाही. तुमची सर नाही. पण एक आहे, ती आधी एकटी हसत नाही. हसू आलं की वाचतानाच फुटतं, मग आम्ही पण हसतो, आणि बातमी संपायच्या आत सगळ्यांचं हसून होतं. बघा, मी म्हणत नव्हते?

जाताना कुंदाने विचारलंन, "उद्या किती वाजता?" डाग्या आंबा तर आजच निवडून झाला होता. म्हणजे ती कशासाठी विचारत होती, ते मला समजलं. पेपर चालू राहणार. रसिका स्वतःहून म्हणाली.

तेव्हा काळजी करू नका. बरं चाललंय इथं. रस्ता व्हायचाय, टाकी भरायची आहे, आंब्याचा भाव पडलाय, आणि मी मजेत आहे.

एक वचन देते. तुमच्या कपाचं गोल असलेला एकही पेपर पेटीत घालणार नाही. आज दुपारी ढीग उपसून ते बाजूला काढले, माळ्यावर ठेवले. कितीजणांची तोंडं बुडवलीत हो चहात! एवढी माणसं तुम्हाला नावडत होती, हे मलाही ठाऊक नव्हतं. बाकीची रद्दी पेट्यांतून जाऊ दे पुण्या-मुंबईला. रोज एक जुना, एक नवा वाचू, आणि गाऱ्हाणं मी उभं राहूनच घालीन, गुडघा दुखला तरी.

तुम्ही मात्र तिथं नुसता चहा पीत बसू नका. देवाच्या जवळ आहात, आमच्यापेक्षा तुमचं लवकर ऐकू जाईल. उद्या सकाळी कान इकडं ठेवा आणि मी थांबले की मोठ्यानं म्हणा, "व्हय म्हाराजा!" आणि कप कुणाच्या तोंडावर ठेवायचा तेही बघून ठेवा.

तुमची वहिनी,
इंदू