फेरीतून गाळलेलं घर

लष्कर, ग्वाल्हेर
३ डिसेंबर १९५६

तीर्थरूप विजयामावशीस,
शामलाचा प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

वनमाला विषमज्वरानं गेली, आणि आता आईला मी एकटीच लेक उरले. समाचाराला माणसं अजून येतात. वनमालासाठी पाच मिनिटं बसतात, राजधानी भोपाळला गेली तिच्यासाठी तासभर. ग्वाल्हेरचं पुढे काय होणार, या काळजीनं परवा एक बाई खरोखर रडल्या. आईनं त्यांना पाणी दिलं. उठताना 'सबर करो, बहन' म्हणायला मात्र त्या विसरल्या नाहीत.

आमचं बांधकाम खातंही निघालंय. टेबलं भोपाळला पोचली, खुर्च्या इथंच आहेत. मी मांडीवर फळी घेऊन नकाशे काढते.

काल आपल्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे महिपतराव आले. नाताळात दारोदार गाणी गात जायच्या कॅरलच्या फेरीचा नकाशा दरवर्षी मीच काढून देते. त्यांनी घरं सांगितली, आमचं गाळलं. दुःखाच्या दारासमोर गाणं बरं दिसत नाही, म्हणाले. फार विचारी माणसं. फेरीत वरचा सूर वनमाला धरायची. तिच्याशिवाय गाणार आहेत, फक्त तिच्या घरासमोर गाणार नाहीत.

आई आत करंज्यांचं सारण भाजत होती. तिनं ऐकलं. ते गेल्यावर मला म्हणाली की प्रभू जन्मला तेव्हा बेथलेहेमातही राजाच्या हुकमानं लेकरं मारली गेली, म्हणून देवदूतांनी आपलं गाणं परत घेतलं नव्हतं. मग पुन्हा सारण ढवळायला लागली.

लोभ पाठव. सांत्वन नको, इथं साठा भरपूर आहे.

तुझी,
शामला

अहमदनगर
१० डिसेंबर १९५६

चि. शामला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसले, मग स्वतःचाच राग आला. यंदा नाताळ साधेपणानं कर, असं मीही ताईला लिहून ठेवलं होतं. ते पत्र फाडलं. तिला शांतता नकोय गं, गाणी हवीत.

महिपतरावांना सरळ सांग. तुला टोमणे नीट मारता येतात, मागणं तेवढं येत नाही. लहानपणी तापातसुद्धा पाणी मागायची नाहीस, पेला रिकामा आहे एवढंच कळवायचीस. आईसाठी एकदा मागून बघ.

दोघींवर प्रभूची सावली राहो.

विजयामावशी

लष्कर, ग्वाल्हेर
२५ डिसेंबर १९५६

तीर्थरूप मावशीस,
नाताळचा सा. न.

मागितलं. नकाशा द्यायला गेले तेव्हा महिपतरावांना म्हटलं, आमच्या दारी या. आईला हवंय आणि मलाही. ते आधी आकाशाकडे बघत राहिले, बहुधा परवानगी तिथून यायची होती. मग बरं म्हणाले.

काल संध्याकाळी सगळे आले आणि इतक्या हळू गायले की शेजाऱ्यांना वाटलं असेल, आमच्याकडे आणखी कोणी आजारी आहे. दुसऱ्या कडव्याला आईनं थांबवलं. म्हणाली, मुलगी माझी गेली, तुमचे गळे का बसले? तारणारा जन्मलाय ना? मग तसं गा.

महिपतरावांनी पेटी पुन्हा उघडली. सगळे मोठ्यानं गाऊ लागले, वरचा सूर तेवढा रिकामा होता. तो आईनं घेतला. तिला तो झेपत नाही. पहिल्याच ओळीत आवाज फाटला. ती रडत होती आणि थांबत नव्हती, तेव्हा आम्हालाही थांबता आलं नाही.

आम्हा दोघींवर माया आहे तशीच ठेव.

तुझी,
शामला