केलबच्या पोराची कबर

३ नोव्हेंबर, आर्णी
आजपासून मी संशोधक. रिटायर झाल्यावर माणसानं मोठं काम हाती घ्यावं. अमेरिकेतल्या कॅरलबाईंचा फेसबुकवर मेसेज आला. त्यांचे खापरपणजोबा केलब यांनी दीडशे वर्षांपूर्वी नेब्रास्काच्या उजाड माळावर पहिलं घर बांधलं, पडीक जमीन फोडून शेती केली. त्यांचा मुलगा एमॉस धर्मप्रचाराला वऱ्हाडात आला नि इथंच वारला, असं त्यांच्या घरात सांगतात. कबर सापडेल का? मी कळवलं, सापडलीच समजा.
बायकोनं, नलूनं विचारलं, तुमच्या स्वतःच्या पणजोबाचं नाव काय. मी म्हटलं, विषय अमेरिकेचा चाललाय.

९ नोव्हेंबर
घसा धरल्यामुळे फील्डवर्कला उशीर. यवतमाळच्या जुन्या दफनभूमीत एमॉस नाही. म्हणजे तो खेड्याकडेच असणार. वर्तुळ लहान होत चाललंय.

१७ नोव्हेंबर
सापडला! तांड्याजवळ कपाशीच्या शेतात, बाभळीखाली उभा दगड. आखूड आहे, पण इतक्या वर्षांत जमिनीत खचला असणार. अक्षरं नाहीत. पावसानं धुतली असणार.

१८ नोव्हेंबर
फोटोत दगड नुसता दगड दिसतो. म्हणून पांढऱ्या ऑइलपेंटनं इंग्रजीत एमॉस लिहिलं. याला रिस्टोरेशन म्हणतात. फोटो पाठवला. कॅरलबाईंनी कळवलं की सगळं कुटुंब जमलं, मेणबत्ती लावली, रडले. नलूला दाखवलं. तिनं फोटो पाहिला नि भाजी निवडायला घेतली.

२४ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला. खाटेच्या पायथ्याशी एक दाढीवाला गोरा उभा. अंगाला नांगरलेल्या मातीचा वास. केलबच असणार. हातात चिंध्यांचं गाठोडं. गाठोडं हललं. त्यानं मराठीत विचारलं, "हे कोणाचं?"
जागा झालो तर नलू शेंगा सोलत बसलेली. अ‍ॅसिडिटी. आजपासून चहा बंद.

२७ नोव्हेंबर
पुन्हा तोच. तेच गाठोडं. दगडाजवळ जाऊन आलो. भर उन्हात कपाशीतून तान्हं रडल्यासारखा आवाज आला. मोर असेल. मोर असाच ओरडतो. नलू म्हणाली, हात एवढे थंड काहून पडले तुमचे. चहा सुरू केला.

२ डिसेंबर
शेताची मालकीण भुरीबाई भेटली. सत्तरीची असेल. कापूस वेचत होती. दगड कोणाचा, हे तिला विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. संशोधनात क्रम असतो. आज विचारलं. म्हणाली, पहिला पोरगा. पाचवी पुजायच्या आतच गेला. नवऱ्यानं खड्डा केला, दगड तिनं स्वतः आणून उभा केला. अक्षरांवरून हात फिरवत बसली. ती उठेपर्यंत मलाही उठता आलं नाही.

३ डिसेंबर
निश्चय: कॅरलबाईंना आजच खरं कळवायचं. नेट स्लो.

५ डिसेंबर
नेट चांगलं आहे. माझं इंग्रजी थकलंय.

९ डिसेंबर
कॅरलबाईंचाच मेल. एमॉस सापडला. नेब्रास्कातच, बापाच्या शेजारी पुरलेला. भारतात कधी आलाच नाही. बंदरावरून घाबरून घरी परतला, नि घरच्यांनी लाजेपोटी ही गोष्ट रचली. शेवटी विचारलंय: मग आम्ही ज्याच्यासाठी रडलो, तो कोण? नाव कळवा, त्याच्यासाठीही प्रार्थना करू.
आज दुपारी झोपलो नाही. खाट अंगणात काढून ठेवली.

१० डिसेंबर
रंग पुसायला टर्पेंटाइनची बाटली नि फडकं घेऊन शेतावर गेलो. भुरीबाई तिथंच होती. फोटोचं, कॅरलबाईंचं, सगळं सांगितलं नि पोराचं खरं नाव विचारलं.
"नाव कायचं ठेवतो? वेळच नाही भेटला."
मी बाटलीचं झाकण काढलं. तिनं माझं मनगट धरलं.
"काय लिहेल हाय थे वाचा बरं."
"एमॉस."
तिनं ते हळूहळू म्हणून पाहिलं. तिच्या तोंडी त्याचं आमुस झालं. मग विचारलं, "थो कोन व्हता?"
"अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याचा पोरगा."
"शेतकऱ्याचाच ना," ती म्हणाली. "मंग राहू द्या."
घरी येऊन मेल लिहायला बसलो. नाव: एमॉस. त्यापुढं लिहिलं: एका शेतकऱ्याचाच पोरगा.