लाथ सोसणारं मशीन

१ ऑक्टोबर, बुधवार

मेलं. मशीन मेलं.

तिसरा राऊंड, आमच्यातली मी एकटीच जिवंत, समोर दोघं. एकाचं डोकं उडवलं. दुसरा जिन्यामागं दबून बसलेला, पावलं ऐकू येऊन राहिली होती त्याची — आणि स्क्रीन अडकली. महिनाभर हेच चाललंय. कॉम्प्युटरच्या डब्याला डावीकडून एक लाथ घातली की चालू होतं, म्हणून घातली. न्हाई झालं. दुसरी घातली. तिसरी जरा जोरात बसली. आत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि सगळं काळं.

मग दिसलं. डब्यावर विड्याचं पान चिकटवलेलं, पानावर कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आज खंडेनवमी ना! मी आंघोळीला गेले तेवढ्यात बाबांनी पूजा उरकली. आमी गुरव. ह्या माणसाचा जन्म महादेवाच्या देवळात गेला, समोर दिसेल त्याला अक्षता वाहतो. पंख्यातून तांदूळ आत गेले असणार, दुसरं काय?

टाळकंच सरकलं माझं. कीबोर्ड उचलून आपटला, बटणं स्वयंपाकघरापर्यंत उडाली. बाबा ओसरीवरून पळत आत आले आणि चोरासारखे भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"तुमी केलं हे?"

"व्हय, मीच केली पूजा. तुझं शस्त्र तेच न्हवं का?"

"तांदूळ गेले त्यात. मारलं तुमी त्याला."

"बरं, माझं चुकलं. तू आधी खाली बस."

खाली बस म्हणे. त्यांना दंडाला धरलं आणि फेकलं बाजूला. बाबा उंबऱ्यावर पडले, उजवा हात अंगाखाली. आवाज झाला. मशीनचा झाला होता तसाच.

मला काही लागलं न्हाई. मागल्या साली हरले तेव्हा ह्याच भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं, तीन टाके पडले होते. या वेळी न्हाई.

२ ऑक्टोबर, दसरा

बाबांचं मनगट मोडलंय. हिंगोलीला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टरला म्हणाले, "पायरीवरून घसरलो."

घरी आल्यावर आईनं मला लाटण्यानं हाणलं. पाठीवर, दंडावर, जिथं बसेल तिथं. मी लाटणं हिसकून अंगणात भिरकावलं. "हात झडतील तुझे," म्हणाली. मी म्हणाले, झडू दे, पण बारा तारखेच्या सामन्यानंतर.

संध्याकाळी बाबांनी आपट्याचं पान पुढं केलं. "डावा हात हाय. चालतंय का?"

मी घेतलं न्हाई.

३ ऑक्टोबर

शंकरसिंगचा फोन. आमच्या टीमचा कॅप्टन, नांदेडचा. तोंड कधी पाहिलं न्हाई त्याचं, आवाज तेवढा ओळखते. बाराला, रविवारी, पात्रता सामना. पाच जणांची टीम. "दस तारीख तक मशीन नहीं आई, तो दूसरे को बिठाना पड़ेगा, बहन."

दोन वर्षं रक्त आटवलं ह्या जागेसाठी. दिवसभर आमच्या हिंगोलीकडल्या गोरेगावात सेतू केंद्रात लोकांचे दाखले काढते, सायंकाळी खेळते. साऱ्या दुनियेत ही एकच जागा हाय जिथं मी हात उचलला की लोक शाबास म्हणतात. तिथं दुसरा कुणी बसला तर नरडं दाबीन त्याचं.

ऑनलाइन मागवावं तर गोरेगावला यायला पंधरा दिवस. लॅपटॉप अर्ध्या तासात तव्यासारखा तापतो. म्हणजे हिंगोली. संतोषचं कॉम्प्युटरचं दुकान.

४ ऑक्टोबर

बाबांची पूजेची पाळी गेली. देवळाचे पंच म्हणाले, डाव्या हातानं पूजा चालत न्हाई. हट्टा गावाहून बंडूकाका येतील, बाबांचे चुलतभाऊ, हात बरा होईपर्यंत तेच करतील.

पारावर एक जण माझ्या कानावर पडेल असं बोलला — गुरवाची पोरगी बापाला मारती. त्याची गचांडी धरली. शर्टाची दोन बटणं माझ्या मुठीत आली. कानफटात ठेवून देणारच होते, तर बाबांनी डाव्या हातानं मागं ओढलं. "खरं तेच बोलला तो," म्हणाले. त्याच्यासमोर!

६ ऑक्टोबर, सोमवार

जुना डबा मांडीवर घेऊन जीपनं हिंगोलीला गेले. गुडघे काळेनिळे झाले.

संतोषनं दोन मशीनं दाखवली. एक तयार. बाजूला काच, आत सात रंगांचे दिवे, लग्नाच्या मांडवासारखं. प्रोसेसर नवा, पण ग्राफिक्स कार्ड अगदीच फालतू. खेळात माणूस दारातून बाहेर आलेला दिसेपर्यंत त्यानं मला गोळी घातलेली असणार. दुसरं त्यानं माझ्यासाठी जोडायचं. प्रोसेसर मागल्या पिढीचा, पण कार्ड दणकट. वापरलेलं हाय, परभणीत एक गेमिंग कॅफे बंद पडला तिथलं. वॉरंटी न्हाई. तेच कार्ड नवं पाहिजे तर आठ दिवस थांबा.

आठ दिवस कुठून आणू? त्याला म्हणाले, लाव, माझ्यासमोर पळव. तासभर पिळून काढलं त्या कार्डाला. तापलं, पंखा बोंबलला, पण पडलं न्हाई. मला अशीच माणसं आवडतात.

"डबा कुठला देऊ, ताई?"

"काच नको. लोखंडी दे. लाथ सोसंल असा."

तो बघतच राहिला. "लाथ घालायला कुणी डबा बनवत न्हाई, ताई."

"मग बनवायला पाहिजे."

शेजारी एक गिऱ्हाईक दात काढत होतं. "भावासाठी घेऊन राहिल्या का?" माझ्या हातात संतोषचा स्क्रूड्रायव्हर होता, तोच त्याच्या नाकासमोर धरला. माझ्यासाठी घेतेय, म्हणाले, अजून काही इचारायचं असंल तर इचार. गेला मुकाट.

जुनं तिथंच ठेवून आले. संतोषला सांगितलं, सवड झाली की उघड आणि आत किती तांदूळ निघतात ते मोज. बाबांच्या पुढ्यात ओतणार हाय.

९ ऑक्टोबर

आलं! संतोष स्वतः जीपमधून घेऊन आला. रॅम नवी, डिस्कबी नवी, आता बटण दाबलं की उठून उभं राहतं. पहिल्याच गेमात एकवीस मारले. एकाला चाकूनं, मागून.

जमिनीवर खडूनं रेघ मारली. बाबांना म्हणाले, "रेघेच्या आत आलात तर दुसरा हातबी मोडीन." लिहून ठेवते, कारण खरंच म्हणाले.

बाबा रेघेबाहेर, भिंतीला पाठ लावून बसले. मी खेळ बंद करेपर्यंत बसूनच होते.

१० ऑक्टोबर

शंकरसिंगनं जागा ठेवली. आजबी बाबा त्याच भिंतीला. काय बघतात, कोण जाणे. कळत तर काहीच न्हाई त्यातलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो!

पहिला नकाशा, म्हणजे पहिला डाव, आमचा. दुसरा माझ्या चुकीनं गेला — एकदा वळायला उशीर केला आणि तिथून आमची पोरं गाजरासारखी कापली गेली. मी उठले, खुर्ची लाथाडली, भिंतीकडं वळले. तिथं बाबा. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेले. डोकं आपटायला जागाच मोकळी नव्हती. मी परत येऊन खेळायला बसले.

तिसऱ्यात कुणाला सोडलं न्हाई. दारामागं, छतावर, धुरात, सापडेल तिथं ठोकला. शेवटचा पळत होता, त्याच्या पाठीत घातली. शंकरसिंग कानात ओरडून राहिला होता, शेरनी, शेरनी. नवं मशीन एकदाबी अडकलं न्हाई. घसा बसलाय माझा.

बाबांनी विचारलं, "झालं का?" मी व्हय म्हणाले. मग ते उठून झोपायला गेले.

१३ ऑक्टोबर

संतोषचा फोन. जुनं मशीन उघडलं त्यानं. आत तांदळाचा एक दाणा न्हाई. डावीकडून मार बसून बसून कार्ड बसायची खाच तडकत आली होती, शेवटच्या दणक्यात तुटली. आणि म्हणाला, "पान कुणी चिकटवलं, ताई? पंख्याची जाळी सोडून लावलंय, चारी बाजूंनी टेप मारून. दाणे कुंकवातच चिकटलेत अजून."

बाबांना सांगितलं. वर बघवत नव्हतं.

"ठावं हाय," म्हणाले. "लाथा भाईर ऐकू येतात."

"मग त्या दिवशी पळत काहून आले तुमी? मशीन बघायलाच ना?"

"मशीनकडं कोण आलतं, माय. मी भिंतीपाशी आलतो."