हमीदभाईंचा पिन

रवि. ७ सप्टें.
कंटेनर गुरुवारी गेला. आज सकाळी सालिमने, आमच्या मॅनेजरने, सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "वेळेत गेला, शाब्बास सतीश." थँक्यू म्हणताना माझी मान खाली गेली. त्याला तो नम्रपणा वाटला असावा.

इथे तरी खरं लिहितो. १६० व्हॉल्व्हपैकी २४ ची प्रेशर टेस्ट झालेलीच नव्हती. गुरुवारी हमीदभाई इथे आखातात लागणाऱ्या रेसिडंट कार्डाच्या मेडिकलला गेले होते आणि टेस्टबेंचवर त्यांच्याशिवाय दुसरा माणूस नाही. ट्रेलर गेटवर उभा, सालिमचे फोनवर फोन, "यल्ला सतीश, यल्ला". मी टॅबलेट उचलला, ह.भां.चा पिन टाकला आणि चोवीस वेळा 'पास' दाबलं. प्रेशरचे आकडे आदल्या दिवसाचे उचलले, इकडेतिकडे थोडे बदलून. कॉपी करणारी पोरं करतात तसं.

पिन मला माहीत, कारण ठेवलाय मीच. जूनमध्ये टॅबलेट आले तेव्हा ह.भा. म्हणाले, "मना ह्या काचंवर नाय जमत. काय ता तूच कर." मी चार आकडे घातले, १४०८. १४ ऑगस्ट, माझा वाढदिवस. विसरायला नको म्हणून.

तेव्हापासून ते व्हॉल्व्ह तपासतात, मी त्यांच्या नावाने भरतो. युरोपच्या गिऱ्हाइकाचा नियम सरळ आहे: ज्याने तपासलं त्यानेच, स्वतःच्या पिनने नोंदवायचं. हा नियम सगळ्या शॉपफ्लोरला शिकवणारा ट्रेनर मी. 'डिजिटल चॅम्पियन'चं सर्टिफिकेट माझ्याच खुर्चीमागे टांगलंय.

मंगळ. ९ सप्टें.
ह.भा. नवं कार्ड घेऊन आले. आल्या आल्या बेंचमागची रिकामी जागा बघितली.
"ते चोवीस कुठं गेले?"
"गेले कंटेनरमध्ये."
"कोणी बघितले?"
मी म्हणालो, "इन्शाल्ला, काही होत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खडूची डबी पुसत बसले.

त्या डबीत खडूची पूड असते. व्हॉल्व्हमध्ये पाणी भरून दाब चढवला की ह.भा. जोडावर ती पूड फासतात आणि पूर्ण दहा मिनिटं तिथून हलत नाहीत. थेंब राहू दे, नुसती ओल आली तरी पूड काळवंडते. दापोलीहून आले त्याला एकोणीस वर्षं झाली, त्यांनी पास केलेला एकही व्हॉल्व्ह परत आलेला नाही. टॅबलेटमध्ये खडूसाठी रकाना नाही. मी त्यावरून त्यांची थट्टासुद्धा केली होती, सगळ्यांसमोर.

सोम. २२ सप्टें.
गिऱ्हाइकाच्या ऑडिटरचा मेल. उद्या व्हिडिओ कॉल. विषय: '४ सप्टेंबरच्या २४ नोंदी'.
जेवलो नाही. रेखाला, बायकोला, सांगितलं ॲसिडिटी आहे.

मंगळ. २३ सप्टें.
लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

ऑडिटर बाईंचं नाव अन्निका. शांत, हसऱ्या, आवाज चढवत नाहीत. स्क्रीनवर दोन याद्या ठेवल्या. एकीत आमचे टॅबलेट, दुसरीत आमच्या गेटचं कार्ड मशीन. दोन्ही आता त्यांच्या सिस्टीमला जोडलेली आहेत, आणि जोडणीच्या दिवशी फीत मी कापली होती. म्हणाल्या, "एका व्हॉल्व्हला दहा मिनिटं लागतात. इथे चोवीस व्हॉल्व्ह अठरा मिनिटांत झालेत. आणि ज्यांनी केले ते सव्वानऊलाच गेटबाहेर पडलेत."

सालिमने ह.भां.ना बोलावलं. त्यांचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून दुभाषा मी. वा रे दुभाषा.

बाईंनी विचारलं, "पिन तुमचा आहे?" मी मराठीत विचारलं.
"हो, माझा."
"दुसऱ्या कोणाला दिला होता?" हेही मीच विचारलं. माझ्याच तोंडाने. आवाज कापला नाही याचं मला आत्ता जास्त वाईट वाटतंय.
ह.भा. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या नावावर झालेला हाय ना? मग माझा हाय. आणिक काय सांगू?"
मी शब्दाला शब्द इंग्रजी केलं. भाषांतरात एक चूक काढून दाखवा.
बाई म्हणाल्या, "हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."
मी म्हणालो, "ते एवढंच म्हणाले."

नंतर त्यांनी सांगितलं की हे व्हॉल्व्ह पिण्याच्या पाण्याच्या केंद्रांवर बसतात. तिकडे पाण्याच्या, विजेच्या यंत्रणेत बाहेरचे लोक कॉम्प्युटरमधून घुसतात, त्यामुळे आता प्रत्येक भाग कुठून आला, कोणी हाताळला, हे दोन मिनिटांत शोधता आलं पाहिजे. "व्हॉल्व्ह गळला तर बदलता येतो. नोंद खोटी निघाली तर बाकीच्या हजार नोंदींचं मी काय करू?"
यावर मला सर्टिफिकेट मिळालंय. हेच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत मी स्लाइडवर लिहिलं होतं.

कॉल संपल्यावर सालिम म्हणाला, "आधी हे लोक भाव विचारायचे. आता लॉग मागतात. लॉगवरचा विश्वास उडाला की काम परत नेतील, त्यांच्याकडे टेस्टिंगला रोबोट आहेतच." आणि मग, "हमीद असं करेल वाटलं नव्हतं."
मी काय म्हणालो? "हो ना."

शुक्र. २६ सप्टें.
सुट्टी. सीबच्या मासळी बाजारातून सुरमई आणली. गाडीतच रेखाला सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती तोवर ठीक होतं.
"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."
मी म्हणालो, अजून फाशी कुठे झालीय, चौकशी चालू आहे.
"तू सांगितलंस तर चौकशी आज संपेल."
मी स्वराची दहावी काढली. मार्चमध्ये बोर्ड आहे, मधेच माझा व्हिसा गेला तर पोरीचं वर्ष जाईल.
रेखा म्हणाली, "तिच्या दहावीच्या आड लपू नकोस. तिला विचारलंयस?"
नाही विचारलं. स्वराला मराठीत सांगायला गेलो तर ती म्हणणार, "बाबा, तू चीट केला?" तिचं मराठी मोडकंतोडकं आहे, पण एवढं वाक्य तिला नीट येईल.
सुरमई रेखाने केली. पान वाढताना माझ्याकडे बघितलं नाही.

रवि. ५ ऑक्टो.
ह.भां.ना बेंचवरून काढलं. 'चौकशी होईपर्यंत' स्क्रॅप यार्डात. उन्हात उभं राहून पितळ वेगळं, लोखंड वेगळं. येताजाता मला सलाम करतात, नेहमीसारखाच. त्यांनी तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

बेंचवर नवा इन्स्पेक्टर आलाय, त्याला ट्रेनिंग माझंच. पहिला धडा: पिन कोणालाही द्यायचा नाही. बोलताना मधेच थांबून पाणी प्यायलो. त्याने डबी उचलून विचारलं, हे कशासाठी? मी म्हणालो, जुनं काहीतरी आहे. डबी माझ्या खणात ठेवली. का ठेवली माहीत नाही. नाही, माहीत आहे. त्या बेंचवर ती बघवत नव्हती.

सोम. १३ ऑक्टो.
आज ठरवून सालिमच्या केबिनमध्ये गेलो, दोनदा.
पहिल्यांदा त्याने कावा, इथली बिनदुधाची कॉफी, पाजला, खजूर पुढे केले आणि घरच्यांची चौकशी केली. मीही त्याच्या घरच्यांची केली. कावा संपला, उठलो.
दुसऱ्यांदा दिवाळीची एक दिवस रजा मागितली. मिळाली.
शेळपटपणाला पण काही मर्यादा असते असं मी समजत होतो.

सोम. २० ऑक्टो.
कंटेनर पोचला. तिकडे त्यांनी ते चोवीसही तपासले. एकही गळत नाही. चोवीसच्या चोवीस उत्तम.
मेल वाचून एक मिनिट इतकं हलकं वाटलं की जवळजवळ हसलोच. मग पुढची ओळ. अन्निकाबाई लिहितात, व्हॉल्व्ह स्वीकारले, नोंदी स्वीकारता येत नाहीत. ज्याचा पिन आहे त्याने गुरुवारी दुपारी दोनपर्यंत लेखी निवेदन द्यावं: नोंद कोणी केली, का केली.

मनातल्या मनात मी एवढे दिवस काय मागत होतो ते आज कळलं. एक जरी गळका निघाला असता तर मी बोललोच असतो, अशी स्वतःची समजूत घातली होती. आता तोही आडोसा गेला. माल चांगला आहे, खोटं फक्त मी केलेलं आहे.

सालिमला विचारलं, निवेदनानंतर काय? तो म्हणाला, हमीदने कबूल केलं तर युरोपवाले त्याला त्यांच्या कामाला हात लावू देणार नाहीत, आणि आपल्याकडे दुसरं काम आहे कुठे? "व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवावा लागेल. खलास." ह.भां.ची दोन वर्षं उरलीत. मग ते कायमचे दापोलीला जाणार होते, त्यांच्या हिशेबाने, मानाने. निरोपाच्या पार्टीत भाषण मी करायचं हेसुद्धा ठरलेलं आहे.

बुध. २२ ऑक्टो., पाडवा
संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर बेल वाजली. ह.भा. रुवीहून बस बदलत आले होते. दर दिवाळीला येतात, यंदा येतील असं वाटलं नव्हतं. हातात खजुरांचा डबा. रेखाने फराळ मांडला. त्यांनी दोन करंज्या खाल्ल्या आणि म्हणाले, "वहिनी, गेल्या साली खोबरा जास्त होता, औंदा बेस झालीय." रेखा हसली आणि लगेच आत गेली.

मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा फोल्डर काढला. निवेदनाचा फॉर्म.
"इंग्रजीत लिवायचा हाय. तूच लिव. माझा सगळा तूच लिवतोस."
खरं आहे. त्यांचे बँकेचे अर्ज, मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचा फॉर्म, मेडिकलचा सुद्धा. त्या गुरुवारचा सुद्धा मीच भरला होता.

फॉर्म उघडला. वर सगळं कोरं. खाली त्यांची सही, मराठीत, ठळक, शेजारी तारीख.
"ह.भा., न वाचता सही कशाला केलीत?"
"तू लिवणार ना? मग वाचायचा काय?"
मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा असता तर सोसला असता. टोमणा नव्हता. किंवा असेल, मला ओळखता आला नाही. मी म्हणालो, "हमीदभाई, त्या दिवशी..." ते उठले. म्हणाले, "शेवटची बस चुकेल. काय ता लिव आणि दोनच्या आत पाठव."
बसला अजून बराच वेळ होता.
दारात रेखाने त्यांच्या हातात चकल्यांची पिशवी दिली. ते गेल्यावर ती म्हणाली, "एवढं कोणी माझ्यावर टाकलं असतं तर मला झोप लागली नसती." मला लागली असं तिला कोणी सांगितलं?

गुरु. २३ ऑक्टो.
ऑफिस. सव्वानऊ. फॉर्म समोर, खण उघडा, खणात खडूची डबी.
नावाचा रकाना भरला: हमीद. तारीख त्यांनीच घातलीय. उरला एक रकाना, 'नोंद कोणी केली'. त्याच्याखाली चार ओळींची जागा सोडलीय. माझं नाव लिहायला अर्धी ओळ पुरेल.
सालिम काचेपलीकडे फोनवर आहे. मधून मधून हात करतो, लवकर, लवकर.
'एस' लिहून थांबलोय. एसवरून 'सिस्टीमची चूक'सुद्धा लिहिता येतं, हे माझ्या डोक्यात आलंच. कोणत्या मातीचा आहे मी.

पोर्टल उघडून ठेवलंय. फॉर्म अपलोड करताना ज्याचं निवेदन त्याचा पिन टाकावा लागतो. ह.भां.ना यार्डातून बोलवायला हवं होतं. मग लक्षात आलं, बोलावून उपयोग नाही. मी त्यांना तो कधी सांगितलेलाच नाही.
त्या दिवशी बाईंसमोर "हो, माझा" म्हणाले, तो पिन काय आहे हे त्यांना आजही माहीत नाही.