बारशिंग्याची वाट बघताना

आबा, तुमचा जावई हल्ली रोज शिकारीला जातो. हॉलमधल्या सोफ्यावर बसूनच जातो, समोर टीव्ही आणि हातात बटणांचं एक खेळणं. तुम्ही असता तर पटक्याचं टोक तोंडाला लावून हसला असता. पण लग्नात तुम्ही पाहिलेला, वऱ्हाडाला हसवून हसवून दमवणारा तो फौजी आता तसा राहिलेला नाही. वर बर्फाच्या मुलखात त्यांची गाडी दरीत गेली आणि ते पायात लोखंड घालून घरी आले. पाय हळूहळू चालायला लागला, तोंड मात्र बंद झालं. जेवलात का, तर हां. दुखतंय का, तर न्हाई. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा. मी गोडीनं विचारलं, रडून विचारलं, एकदा तर ताट आपटून विचारलं. माधवनगरच्या या दोन खोल्यांत हा माणूस जन्मभर माझ्यासमोर बसेल आणि मला पुन्हा कधी भेटणार नाही, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता.

त्यांचा वेळ जावा म्हणून माझ्या दिरानं हा खेळ आणून दिला. परदेशातलं जंगल, त्यात एकेक कामगिरी नेमून दिलेली. हे अडले ते एका म्हाताऱ्या बारशिंग्यापाशी. त्याला चाहूल लागू न देता अगदी जवळ जायचं आणि एकाच गोळीत पाडायचं. दुसरी गोळी मारली की कामगिरी फुकट. नेम तर यांचा पक्का, पण बारशिंगा दिसायच्या आत उधळायचा. पडद्याच्या कोपऱ्यात वारा दाखवणारी खूण आहे. वारा यांना कळतो, पण गोळी किती सरकते एवढ्यापुरता. त्या वाऱ्यावर आपला वासही जातो हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. मी भाजी निवडता निवडता बघत होते आणि माझ्यातली मेंढपाळाची पोर जागी झाली. म्हटलं, "आवं, असं न्हाई. वारा पाठीवर घेऊन बसा. आमचं आबा तसंच बसायचं." ते बसले. आणि अख्खा कळप शेपट्या वर करून पळाला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाजी घेऊन आत गेले.

आत गेले आणि मला तुम्ही दिसलात. औंधच्या डोंगराखालचा माळ, दिवस कलायला आलाय, मेंढरं वाघराच्या जाळीत घालून झाली आहेत. तुम्ही लोकरीचं एक पुंजकं हवेत सोडता, ते जिकडे जाईल तिकडे जाळीबाहेर जाऊन दगडावर बसता, पाठीवर वारा घेऊन. मी शेजारी. पायाला मुंग्या येतात म्हणून मी चुळबुळ करते आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "हालायचं आसंल तर घरला जा." मग मी पुतळा होते. बऱ्याच वेळानं समोरच्या कुसळात एक लांडगा उभा असतो. कधी आला ते मला दिसलेलंच नाही. तुम्ही सावकाश उठता आणि शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात त्याला म्हणता, "बगितलंय म्या तुला." तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे. मग तो वळून चालायला लागतो, पळत नाही. मी विचारते, "आबा, दगुड का न्हाई मारला?" तुम्ही म्हणता, "दगुड मारला की त्यो दुसऱ्या अंगानं येतोय. आपला वास त्येला लागू दे. मानूस जागा हाय म्हणल्यावर आज काय येत न्हाई."

तेव्हा कुठे माझी चूक मला कळली. पाठीवर वारा ही राखणाऱ्याची जागा, आणि या खेळात आपण लांडगा आहोत. वारा तोंडावर पाहिजे, म्हणजे आपला वास जनावराकडे जात नाही. पण आबा, भाजीत हात तसाच ठेवून मी उभी राहिले ती दुसऱ्याच गोष्टीनं. तुम्ही बसायला दगड निवडायचात तो बरोबर लांडग्याच्या वाटेवर. म्हणजे तुम्ही बसत होतात मेंढरांकडून आणि विचार करत होतात लांडग्याच्या डोक्यानं, तोही त्याच्याबद्दल मनात डूख न धरता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या बापाच्या डोक्यात हे केवढं रान मावलं होतं! इतकी वर्षं मी तुम्हाला गप्प बसलेला माणूस समजत होते.

बाहेर येऊन मी एवढंच म्हटलं, "वारा तोंडावर घ्या. आणि हालू नका." आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवसापासून विचारायचं सोडून दिलं. कसं वाटतंय, का बोलत नाही, काही काही नाही. ते गवतात दबा धरून बसायचे आणि मी सोफ्यावर. चहा निवायचा, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, जंगलात पाऊस येऊन जायचा. बारशिंगा एकेक दिवस थोडा जवळ येऊ लागला.

मग एका दुपारी तो पूर्णच समोर आला. मान खाली घालून चरत होता, त्याच्या तोंडाची वाफसुद्धा दिसत होती. यांचं बोट बटणावर होतं. दाबलं नाही. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "त्येला बर्फ बघायचा हुता."

मी पडद्याकडेच बघत राहिले.

"नवा जवान हुता. पयल्यांदाच वर आल्याला. खिडकीची जागा माझी हुती. म्हणला, उस्ताद, मी बसू का? म्हणून म्या उठलो." त्यांनी बोट बटणावरून काढलं. "गाडी त्याच अंगाला आपटली. त्याच्या आईला अजून सांगितलं न्हाई म्या, की जागा माझी हुती."

माझ्या तोंडात किती शब्द आले होते, आबा. तुमची काय चूक, असं मनाला लावून घेऊ नका, सगळे आले. मी ते गिळले आणि जागची हलले नाही. बारशिंगा चरत चरत झाडीत निघून गेला, तरी यांचं बोलणं थांबलं नाही. दिवेलागण झाली तेव्हा आम्हाला कळलं की दिवा लावायचा राहिलाय.

आता ते रोज थोडं बोलतात, त्या जनावराची वाट बघता बघता. त्या जवानाच्या आईकडे जाऊ या, असं काल स्वतः म्हणाले. मी व्हय म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तुम्हाला पत्ताही नाही. पण एक गोष्ट इथे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. परवा सकाळी हे पायाच्या व्यायामाला गेले असताना मी दिराच्या नावानं असलेल्या वेगळ्या खेळात शिरले आणि त्यातला बारशिंगा एका गोळीत पाडला. यांच्या खेळात तो अजून जिवंत आहे, आणि तो कुठल्या वाटेनं येतो ते मी त्यांना सांगणार नाही.